देवाला सांगितलेलं

मोरीतला नळ चालूच होता. ग्रेसीने चहा उकळला, गाळला, कपात ओतला, तरी नळ चालूच. वसईच्या पाचूबंदर कोळीवाड्यात नळाचं पाणी येतं ते पाहुण्यासारखं, सकाळी घटकाभर टेकतं आणि निघून जातं. तेवढ्यात पिंप भरायचं, हंडे भरायचे, शेजारच्या थेरेसाबायला एखादी कळशी द्यायची. अशा वेळी कुणी नळ मोकळा सोडला की ग्रेसीच्या डोक्यात तिडीक जायची. ती तरातरा मोरीच्या दाराशी गेली. "गो, पानी काय फुकटचा येते?" एवढं जिभेच्या शेंड्यावर आलं होतं, दारावर मारायला हातही उचलला होता, आणि तेवढ्यात तिला पाण्याच्या आवाजाखालचा दुसरा आवाज ऐकू आला. पोटातून ढवळून येणारा, तोंडावर हात दाबून धरलेला. मग थुंकल्याचा. मग नळ आणखी मोठा सोडल्याचा. ग्रेसीचा हात तसाच वर राहिला. नळ पाण्यासाठी सोडलेला नव्हता. तिने ऐकू नये म्हणून सोडलेला होता.

आज रिचेलचा दहावीचा बीजगणिताचा पेपर. आत रिचेल ओकत होती आणि बाहेर तिची आई चोरासारखी उभी होती. आतून कडी होती. ह्या घरात अंघोळीच्या वेळेशिवाय कधी कुणी कडी लावलेली ग्रेसीला आठवत नव्हती. रिचेल लहानपणी गाडी लागून ओकायची तेव्हा ग्रेसीचा तळवा तिच्या कपाळावर असायचा. नुसतं कपाळ धरल्याने उलटी थांबत नाही, पण ओकणाऱ्याला आपण एकटे नाही असं वाटतं. त्या तळव्याला आत्ताही तशीच ओढ लागली होती. चार बोटांच्या फळीपलीकडे ते कपाळ होतं. दार ठोठावलं असतं तर रिचेलने कडी काढली असती, तोंड पुसून हसली असती आणि म्हणाली असती, "काय नाही ग मम्मी, ब्रश करताना ओकारी आली." ते हसू ग्रेसीला नको होतं. गेला महिनाभर तिने ते हसू पुष्कळ पाहिलं होतं. ती पाय न वाजवता मागे आली, चुलीजवळ बसली आणि चहावर धरलेली साय बोटाने बाजूला करत राहिली.

ह्या पोरीचं तोंड असं बंद होईल हे कुणी सांगितलं असतं तर ग्रेसीने त्याला वेड्यात काढलं असतं. रिचेल म्हणजे बोलकी बाहुली. शाळेतून आली की दप्तर खांद्यावरच, आणि उंबऱ्यावर बसून सुरू. आज प्रीतलने डबा कसा सांडला, कुठल्या सरांनी कुणाला बाहेर काढलं, कुठल्या मुलाने कुणाला काय चिठ्ठी दिली आणि ती चिठ्ठी भलत्याच बाकावर कशी गेली. ग्रेसी समोर पाटावर बसून मासळी साफ करत असायची, हात कोयतीवर आणि कान पोरीकडे. तिचा नवरा रेमंड बोटीवरून आला की चेष्टा करायचा, "आपल्या घरात रेडिओ कशाला घ्यायचा, हा हाय की!" आणि ग्रेसीला मनातून फार बरं वाटायचं. बाजारात पाटीशी बसल्या बसल्या ती इतर बायकांना सांगायची, माझी पोरगी माझ्यापासून काय लपवत नाय. हे ती जरा तोऱ्यातच सांगायची. सांगू नये का? दुसऱ्यांच्या पोरी मोबाईलमध्ये तोंड घालून बसतात, ही उंबऱ्यावर बसते, ह्याचा तोरा कुठल्या आईला नसेल?

सराव परीक्षा संपली त्या दुपारीही ती उंबऱ्यावरच बसली होती. दप्तर मात्र तिने खाली ठेवलं होतं, आणि बोलत नव्हती. ग्रेसी मासळी वाळवायच्या वलांडीवरचे सुके बोंबील उतरवून आणून त्यांच्या जुड्या बांधत होती. मग रिचेल म्हणाली, "मम्मी, मी आज पेपरवर नुसतं नाव लिहिलं आणि नंबर लिहिला. मग मला काहीच दिसेना." ग्रेसीला वाटलं डोळ्यांचं काही. "डोळ्यांचं नाही ग. प्रश्न दिसतो, पण वाचला की आत जात नाही. हात बर्फासारखे होतात. छातीत असं गच्च होतं, श्वास घ्यायचा विसरायलाच होतं. मला वाटलं मी मरते की काय. आजूबाजूला सगळे लिहितायत, पानांचा आवाज येतोय, आणि मी पेन धरून बसलेय." ती रडत नव्हती, तेच ग्रेसीला भयंकर वाटलं. हाताला बोंबलाचा वास असतानाही तिने पोरीला जवळ ओढलं. रिचेलही वासाचं काही बोलली नाही. आईच्या खांद्यात तोंड खुपसून ती म्हणाली, "कोणाला सांगू नकोस हां. प्लीज. पप्पालापण नको. सगळे मला वेडी समजतील." ग्रेसी म्हणाली, "नाय गो. कोनाला सांगू मी?" आणि ती हे अगदी मनापासून म्हणाली होती. आजही तिला कुणी क्रुसावर हात ठेवून विचारलं असतं, तरी तिने हेच सांगितलं असतं, की मी कुणालाही सांगितलं नाही.

तिने फक्त देवाला सांगितलं.

आता देवाला सांगायचं म्हणजे पाचूबंदरला कसं सांगतात? ग्रेसी सात-आठ वर्षांची असताना तिचा बाप स्टॅनी ज्या बोटीवर होता ती बोट वादळात परत आली नाही. तेव्हाचं तिला सगळं आठवत नाही, पण धक्क्याजवळच्या क्रुसापाशी जमलेल्या बायका आठवतात, आणि त्यांच्यामध्ये उभी असलेली तिची आई. आई घरात एक शब्द बोलत नव्हती. चूल पेटवत नव्हती, केस विंचरत नव्हती, नुसती भिंतीला टेकून बसली होती. मग शेजारणींनी तिला धरून क्रुसापाशी आणलं आणि म्हणाल्या, बोल, मोठ्यानं बोल, आत ठेवू नको. आणि आई मोठ्यानं बोलली. माझा घरवाला समुद्रात आहे, मला भीती वाटते, मला झोप नाही, मला वाटतं तो बुडाला. असं चारचौघांत, ओरडून. प्रत्येक वाक्यानंतर सगळ्या बायका एका सुरात म्हणत होत्या, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. ग्रेसी आईचा पदर धरून उभी होती आणि तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की आईचे खांदे खाली आले. घरी गेल्यावर आईने चूल पेटवली. बोट पुढे गुजरातच्या कुठल्याशा बंदराला लागलेली सापडली, बाप परत आला, पण ग्रेसीच्या मनावर ठसली ती बोट नव्हे, ती चूल. तेव्हापासून तिच्या लेखी भीतीवर औषध एकच. भीती क्रुसापाशी न्यायची, तिचं नाव घेऊन मोठ्यानं सांगायची आणि सगळ्यांनी मिळून ती उचलायची, जशी किनाऱ्यावर होडी ओढतात तशी. एकट्याने होडी कधी ओढता येते का?

म्हणून सराव परीक्षेनंतरच्या शनिवारी संध्याकाळी, क्रुसाजवळ रोझरीची माळ म्हणून झाली आणि ज्याने त्याने आपापलं मागणं सांगायची वेळ आली, तेव्हा थेरेसाबायने गुडघेदुखी सांगितली, सॅन्टनने आपल्या पोरीच्या, जेनिफरच्या, लग्नात काही विघ्न येऊ नये असं सांगितलं, आणि ग्रेसीने डोळे मिटून, खड्या आवाजात, जसं तिची आई बोलली होती तसं, सांगितलं: "माझ्या रिचेलला परीक्षेची भीती वाटते. पेपर हातात आला की तिला दिसेनासा होते, तिचा श्वास कोंडते, ती कोरा पेपर देऊन आली. देवा, तिची भीती काढ." आणि सगळ्यांनी म्हटलं, हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक. सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी. बायकांनी, गड्यांनी, कठड्यावर बसलेल्या पोरांनी, प्रीतलच्या आईने. ग्रेसीच्या छातीवरचं ओझं खरोखरच उतरलं. घरी येऊन तिने भाकऱ्या थापल्या आणि त्या रात्री तिला गाढ झोप लागली. आपलं ओझं उतरलं म्हणजे पोरीचंही उतरलं असेल, असं तिने धरून चाललं. एवढंच तिचं चुकलं. पण केवढं चुकलं!

कोळीवाडा वाईट असता तर बरं झालं असतं. चार जण हसले असते, दोघांनी टोमणे मारले असते, रिचेल रडली असती, भांडली असती आणि मोकळी झाली असती. पण कोळीवाडा प्रेमळ निघाला. थेरेसाबायने दुसऱ्याच दिवशी कुठल्याशा तीर्थाचं तेल आणून रिचेलच्या कपाळाला चोळलं. मासळीचा लिलाव पुकारणारा बाप्या ग्रेसीच्या घरावरून जाताना तोंडावर बोट ठेवून जायला लागला. केविन नावाचं एक कार्टं होतं, त्याच्या फटफटीच्या आवाजाने म्हाताऱ्याकोताऱ्यांचे प्राण कंठाशी यायचे आणि फादरांनी सांगूनही ते ऐकत नव्हतं. तो आता वळणावर इंजिन बंद करून फटफटी ढकलत घरासमोरून नेऊ लागला, आणि नेताना खिडकीकडे बघून अंगठा दाखवू लागला. रस्त्यात जो भेटेल तो म्हणायचा, "भिऊ नको हां रिचेल. आमी हाय ना." देवळात विद्यार्थ्यांच्या पेनांना आशीर्वाद द्यायचा रविवार आला, तर फादरांनी मुलांच्या गर्दीतून नेमकी तिलाच पुढे बोलावली, डोक्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला. ग्रेसी मागच्या बाकावरून बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, इतकी माणसं आपल्या पोरीच्या पाठीशी आहेत म्हणून. रिचेलची मान तिला मागून दिसत होती. ती मान लाकडासारखी ताठ होती. ते तिला तेव्हा दिसलं होतं, पण कळलं नव्हतं.

सगळ्यांवर कडी केली ती सॅन्टनने. राखेच्या बुधवारपासून उपवासकाळ लागतो, मग लग्नं होत नाहीत, म्हणून त्याच्या आधीच्या दिवसांत पाचूबंदरला लग्नांची नुसती झुंबड असते. जेनिफरचं लग्न त्यातच होतं. सॅन्टनची एकुलती एक पोरगी, त्याने वाजंत्री ठरवली होती ती अशी की किल्ल्यापर्यंत आवाज जावा. नवरीच्या अंघोळीचं उंबराचं पाणी आणायला बायका निघाल्या, पुढे बँड, मागे डोक्यावर कळशा, गाणी, नाच. रिचेल वरच्या खोलीत खिडकीशी बसून वाचत होती, ग्रेसी खाली दारात उभी होती. वरात वळणावर आली आणि सॅन्टनने हात वर केला. बँड थांबला. गाणी थांबली. आणि ती अख्खी वरात, कर्णे खाली धरलेले वाजंत्रीवाले, नवी लुगडी नेसलेल्या बायका, हळदीने पिवळी झालेली माणसं, ग्रेसीच्या घरासमोरून पाय न वाजवता गेली. कुणीतरी एका लहान मुलीच्या तोंडावर हात धरला होता. मयतालासुद्धा पाचूबंदरला इतकी शांतता नसते. जाता जाता सॅन्टन खिडकीकडे बघून पुटपुटला, "कर गो, अभ्यास कर." पुढचं वळण गेल्यावर बँड पुन्हा सुरू झाला, पण सूर काही लागेना. ग्रेसी धावत वर गेली, पोरीला सांगायला, की बघ, लोक किती जीव लावतात! रिचेल खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "मम्मी, जेनिफरदीदीचं लग्न एकदाच होणार ना?" ग्रेसी म्हणाली, "म्हंजे काय?" "नाही, मग मी नापास झाले तर तो बँड मी त्यांना परत कुठून देऊ?"

ग्रेसी पोरीजवळ बसली. रिचेलने तिच्याकडे न बघता विचारलं, "तू सांगितलंस सगळ्यांना?" हा प्रश्न विचारायला तिने एवढे दिवस घेतले होते. कदाचित ती वाट बघत होती, की आई आपण होऊन काही म्हणेल. ग्रेसी म्हणाली, "मी कोनाला नाय सांगितला. मी देवाला सांगितला गो." रिचेलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, राग असता तर ग्रेसीला तो परवडला असता. एखाद्या लहान मुलाने काहीतरी तोडून आणून कौतुकाने दाखवावं आणि मोठ्या माणसाला त्याला बोलताही येऊ नये, तसं पाहिलं. मग ती हसली. "बरं," म्हणाली. "आता ठीक आहे मी. खरंच. भीती गेली." ग्रेसीने ते चटकन खरं मानलं, कारण तिला ते खरं हवं होतं. पुढच्या शनिवारी तिने क्रुसापाशी आभारही मानले.

उंबऱ्यावर बसणं त्यानंतर बंद झालं. शाळेतून आली की विचारावं, कसं झालं? ठीक. अभ्यास? चाललाय. जेवलीस? हो. रेमंड बोटीवर होता, किनाऱ्याजवळ आला की फोन लागायचा. त्यालाही, सगळं छान आहे पप्पा, मासळी मिळाली का? फोन ठेवल्यावर तो ग्रेसीला म्हणायचा, पोरगी आता मोठी झाली, शांत झाली. ग्रेसी हो म्हणायची. शाळेने मध्ये पालकांना बोलावलं होतं. परीक्षेचा ताण ह्या विषयावर बोलायला मुंबईहून एक बाई आल्या होत्या, गोड बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, मुलांना बोलतं करा, मनातलं बाहेर पडू द्या, निम्मी भीती तिथेच जाते. सगळे पालक माना हलवत होते. ग्रेसीला उठून विचारावंसं वाटलं, की बाई, बोलतं कसं करायचं ते आम्हाला येतं, पण ऐकलेलं कुठं ठेवायचं? पण एवढ्या लोकांत ते विचारायचं म्हणजे पुन्हा रिचेलचं नाव आलं. आयुष्यात पहिल्यांदा ती तोंडाशी आलेलं गिळून खाली बसून राहिली.

नळ बंद झाला. कडी निघाली. रिचेल केस ओले करून बाहेर आली, डोळे लाल, ओठ पांढरे. "सॉरी मम्मी, पाणी वाया गेलं." ग्रेसी म्हणाली, "जाऊ दे गो. पिंप भरला." चहाचा कप तिने पुढे केला. रिचेलने दोन घोट घेतले, आई बघत होती म्हणून घेतले. पाव तसाच राहिला. दोघी निघाल्या तेव्हा सगळं वळण दारात उभं होतं. थेरेसाबायने कपाळावर क्रूस काढला. सॅन्टनने रिक्षा बोलावून ठेवली होती. केविन म्हणाला, "फोडून ये पेपर!" रिचेल प्रत्येकाला थँक्यू म्हणत होती. रिक्षात तिचे हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले. ग्रेसीने आपला हात त्यावर ठेवला. ते हात बर्फासारखे होते. रिचेलने ते काढून घेतले नाहीत, पण ते पकडलेही नाहीत. रिक्षा देवळावरून गेली तेव्हा ग्रेसीला वाटलं, आत्ता म्हणावं, नको जाऊ. घरी चल. बीजगणित गेलं खड्ड्यात. पण घरी जाऊन त्या सगळ्यांना काय सांगायचं? हा विचार आपल्या मनात आला ह्याची तिला एवढी शरम वाटली की ती रस्त्याकडे बघत राहिली.

परीक्षेचं केंद्र वसई गावातल्या एका शाळेत होतं. मुलं आत गेली, फाटक लागलं आणि आयांचा घोळका समोरच्या भिंतीच्या सावलीत बसला. ग्रेसीशेजारी एक बाई बसल्या होत्या, क्षितिजा नावाच्या, स्टेशनकडच्या सोसायटीत राहणाऱ्या. हार्दिक नावाच्या मुलासाठी ऑफिसला रजा टाकून आल्या होत्या. त्यांच्या पिशवीत ग्लुकोज, लिंबाचं सरबत, जादा पेनं, गोळ्या, सगळं होतं. त्या म्हणाल्या, "आमचा हार्दिक काही म्हणजे काही सांगत नाही हो. दार लावून बसतो. रात्री मी दाराला कान लावते. तुमची बोलते का तुमच्याशी?" इतक्या साध्या, थकलेल्या आवाजात त्यांनी विचारलं की ग्रेसीचं तोंड उघडलंच. सगळं जिभेवर आलं. उंबरा, क्रूस, बँड, सकाळचा नळ. ही परकी बाई, पुन्हा भेटणारही नाही, हिला सांगितलं तर काय बिघडतं? आणि सांगितलं की खांदे खाली येतील, हे तिला माहीत होतं. तिच्या आईचे आले होते. तिने तोंड मिटलं. "बोलते ना," ती म्हणाली. "माझी सगला सांगते." क्षितिजाबाई म्हणाल्या, "नशीबवान आहात." आणि दोघी फाटकाकडे बघत राहिल्या.

पेपर सुटायच्या थोडं आधी शाळेतल्या शिपाईणबाई बाहेर आल्या आणि आयांच्या घोळक्यात कुणाला तरी शोधू लागल्या. "पाचूबंदरच्या रिचेलची आई कोण?" ग्रेसी उठली. तिला बाजूला घेऊन, आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "घाबरू नका. पोरगी बरी आहे. पण तिला दोनदा बाहेर आणावी लागली, ओकली बिचारी. मग बाकावर डोकं टेकूनच बसली. पुरवणी नाही, काही नाही, मला वाटतं अर्धाअधिक पेपर कोराच आहे. वर्गावरच्या बाईंनी विचारलं, घरी कळवायचं का? तर हात जोडले हो तिने. म्हणाली, मम्मीला नका सांगू, काय पण करा, मम्मीला नका सांगू." शिपाईणबाईंनी पदराने स्वतःचे डोळे टिपले. "मला राहवलं नाही. कोणाला सांगू नका म्हणाली, म्हणून फक्त तुम्हाला सांगते. तिला कळू देऊ नका हां मी बोलले ते." ग्रेसीने मान हलवली. त्या बाईंचा राग यायला हवा होता, पण कसा येणार? त्यांनी जे केलं ते मायेनेच केलं होतं. फक्त ग्रेसीच्या कानात ते एकच वाक्य राहिलं. काय पण करा, मम्मीला नका सांगू. पोरीला मार्कांपेक्षा, पेपरापेक्षा, मरणाच्या त्या भीतीपेक्षाही जास्त भीती आता आईची वाटत होती. आणि ग्रेसीने उभ्या जन्मात तिच्यावर हात उगारला नव्हता.

मुलं बाहेर आली. रिचेल आली, केस नीट बांधलेले, चेहरा धुतलेला, आणि आई दिसताच हसली. "सोपा होता," ग्रेसीने विचारायच्या आतच ती म्हणाली. तिच्या बाहीला आंबूस वास येत होता. ग्रेसी म्हणाली, "हां? बरा झाला." रिक्षात ग्रेसीने मनाशी ठरवून टाकलं होतं. एकदा आपण हिचं झाकलेलं चव्हाट्यावर मांडलं. आता हे तरी आपल्या पोटात राहील. कुणालाही नाही. रेमंडला नाही, थेरेसाबायला नाही, फादरना नाही. देवालाही नाही. देवाला कळायचं असेल तर त्याचं त्याला कळेल.

वळणावर सगळे उभेच होते. रिक्षा थांबली तशी थेरेसाबाय लंगडत पुढे आली. "कसा गेला, ग्रेसी?" तिने ग्रेसीला विचारलं. सॅन्टननेही ग्रेसीकडेच पाहिलं. रिचेलच्या तोंडाकडे कुणीच बघत नव्हतं. तिच्या मनातलं ग्रेसीच्या तोंडून ऐकायची त्यांना सवय लागली होती. रिचेल मात्र आईकडे बघत होती. कित्येक दिवसांत तिने असं सरळ डोळ्यांत पाहिलं नव्हतं. श्वास कोंडून, पेन धरल्यासारखी मूठ आवळून ती आईच्या ओठांकडे बघत होती. ग्रेसी म्हणाली, "सोपा होता. सगला सोडवला तिनं. एकदम बरी हाय ती." आवाज कुठेही कापला नाही. थेरेसाबायने छातीवर क्रूस काढला, "ऐकला गो देवानं!" सॅन्टनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने एका बँडाची किंमत वसूल झाल्यासारखा मोठा श्वास सोडला आणि केविनने आनंदाच्या भरात फटफटीला किक मारली. ती माणसं इतकी खूश झाली होती की ग्रेसीला त्यांच्यासाठीही रडू यायला लागलं.

घरात आल्यावर तिने भात वाढायला घेतला. रिचेल कपडे बदलून आली आणि गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "मम्मी."

"काय गो?"

"तुला शाळेत कोणी काय बोललं का? माझ्याबद्दल?"

ग्रेसीचा हात भातावर थांबला. तिला शिपाईणबाईंचा चेहरा आठवला, कळू देऊ नका हां. तिला ते जोडलेले हात दिसले. नाही, तिने स्वतःला बजावलं, ह्या वेळी नाही, ह्या वेळी जीव गेला तरी तोंडातून शब्द जाणार नाही. तिला त्या क्षणी स्वतःचा थोडासा अभिमानसुद्धा वाटला. ती पोरीकडे वळून हसली. "नाय गो. कोन काय बोलनार?"

रिचेल अजून थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी आलं होतं, ते हळूहळू मावळलं. "काही नाही," ती म्हणाली. "असंच विचारलं. भूक नाही मला, भूमिती बघते." आणि पुस्तक घेऊन ती आत वळली.

ग्रेसी वाढलेलं ताट हातात धरून उभी होती. पोरगी आपण होऊन सांगायला आली होती, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा रिचेल जिना चढून वर गेली होती.